एमएसमध्ये ब्रेनस्टेमच्या चाचण्या: ब्लिंक, बेरा आणि वेम्प चुकू नयेत म्हणून

मागे एक बेरा रिपोर्ट दुसऱ्या मतासाठी माझ्या टेबलावर आला. बेरा म्हणजे कानात क्लिक वाजवून त्याचा संदेश ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून, किती वेळात जातो ते लहरींवरून मोजणारी चाचणी. पेशंट तिशीतली बाई, मल्टिपल स्क्लेरोसिसचा म्हणजे एमएसचा (मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण जाण्याच्या आजाराचा) संशय, आणि रिपोर्टच्या तळाशी ठळक अक्षरांत 'दोन्ही बाजूंना ब्रेनस्टेममध्ये बिघाड'. आकडे पाहिले. पहिली लहर २.५ मिलिसेकंद, तिसरी ४.७, पाचवी ६.५, आणि दोन्ही कानांत जवळपास तेच. पाचवीतून पहिली वजा केली तर उरतात ४.०, म्हणजे अगदी नॉर्मल. बिघाड ब्रेनस्टेममध्ये नव्हताच. कानात बसवायच्या इअरफोनच्या नळीतून आवाज जायला ०.९ मिलिसेकंद लागतात, तेवढे वजा करायची सेटिंग मशीनवर बंद राहिली होती. त्या बाईची तीन आठवड्यांची झोप मात्र गेली.

अशा चुका मशीनच्या नसतात, क्रमाच्या असतात. म्हणून हा लेख लॅबमध्ये नव्याने उभे राहणारे टेक्निशियन आणि रेसिडेंट यांच्यासाठी आहे. पहिला टप्पा पेशंट आणि घरच्यांनीही वाचावा.

तीन चाचण्या तीन वेगळे रस्ते तपासतात, एवढं डोक्यात ठेवा. ब्रेनस्टेमचे भाग तीन: वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेड्युला. बेरा ऐकण्याच्या वाटेने कानाच्या नसेपासून पॉन्समार्गे मिडब्रेनच्या खालच्या भागापर्यंत जाते. ब्लिंक रिफ्लेक्स, म्हणजे भुवईवरच्या हलक्या शॉकने आपोआप मिटणाऱ्या पापण्या, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून आत शिरतो, पॉन्स आणि मेड्युलातून फिरतो आणि चेहऱ्याच्या स्नायूंच्या नसेतून बाहेर पडतो. वेम्प तोल सांभाळणाऱ्या वाटेची चाचणी आहे, मोठ्या आवाजाला स्नायू काय प्रतिसाद देतो ते बघणारी. मानेवरचा वेम्प ब्रेनस्टेममधून खाली उतरतो, डोळ्याखालचा वर चढतो. एक रस्ता मोकळा निघाला म्हणून बाकीचे मोकळे आहेत असं होत नाही.

## टप्पा १: पेशंट घरून निघण्याआधी

फोनवर अपॉइंटमेंट देतानाच हे सांगा. 'उपाशी या का?' हा प्रश्न दहापैकी आठ जण विचारतात. उपाशी येऊ नका, पोटभर खाऊन या, असं स्पष्ट सांगा.

सकाळी शाम्पूने केस धुवून यायचं आणि त्यानंतर तेलाचा थेंबही लावायचा नाही. खोबरेल तेलाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बसत नाही. बसला तरी अर्ध्या तासात सरकतो. चेहऱ्यावर क्रीम, काजळ नको. कानातलं आणि गळ्यातलं काढावं लागेल हेही आधीच सांगितलेलं बरं. मंगळसूत्र काढायला सांगताना काही जणी अवघडतात, त्यांना घरूनच ठरवून येऊ दे. मानेवरच्या वेम्पसाठी गळ्याजवळची जागा मोकळी लागते.

सोबत एमआरआयचा रिपोर्ट, जुना ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) असेल तर तो, आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा. यादी नको, पाकिटंच आणा म्हणा. 'झोपेची अर्धी गोळी' यादीत कधीच नसते.

सावध: क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या ब्लिंकचा दुसरा, उशिरा येणारा प्रतिसाद दाबतात. पण म्हणून त्या बंद करायला सांगू नका. कुठली, कधी घेतली ते फॉर्मवर लिहा. बंद करायची की नाही हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील.

अ‍ॅटॅक कधी आला होता, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची सलाइन कधी संपली, आज ताप आहे का, हेही फॉर्मवर हवं. एमएसमध्ये आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आधीच कसाबसा जातो. अंगातली उष्णता थोडी वाढली तरी तो अडतो. एप्रिलच्या उन्हात एसटीने आलेल्या माणसाला थेट टेबलावर घेऊ नका. पंख्याखाली अर्धा तास बसवा, पाणी द्या. ताप असेल तर तारीख पुढे ढकला.

## टप्पा २: कान आधी, ब्रेनस्टेम नंतर

सगळ्यात जास्त टाळला जाणारा आणि सगळ्यात जास्त रिपोर्ट बिघडवणारा टप्पा हाच.

कानात ओटोस्कोपने बघा. मळ असेल तर आधी ईएनटीकडे पाठवा. मळाने भरलेल्या कानात आवाज कमी पोचतो, पहिली लहर उशिरा येते आणि तिच्या मागे सगळ्याच लहरी उशिरा येतात. वेम्पचं तर विचारूच नका. हवेतून दिलेल्या आवाजावरचा वेम्प मधल्या कानाच्या दोषाने पार नाहीसा होतो, आणि 'प्रतिसाद नाही' असं वाचून कुणीतरी तो एमएसच्या खात्यावर टाकतं.

त्यानंतर ऑडिओग्राम. वरच्या पट्टीचं ऐकणं कमी असेल तर पहिली लहर दिसेनाशी होते आणि पाचवी उशिरा येते. पहिली नसली की मोजायला सुरुवातच उरत नाही.

तपासा: दोन्ही कानांचा पडदा दिसला का? ऑडिओग्राम फाइलला लागला का? नसेल तर पुढे जाऊ नका. पेशंट लांबून आलाय, आज करून टाकू, हा मोह मलाही झालेला आहे आणि महागात पडलेला आहे.

## टप्पा ३: खोली आणि मशीन

बेराच्या लहरी एका मायक्रोव्होल्टच्या आसपासच्या असतात, कित्येकदा त्याहूनही लहान. भिंतीतल्या विजेची गुणगुण त्याच्या कित्येक पट मोठी. त्यामुळे अर्थिंग नीट असलेला वेगळा सॉकेट हवा. पेशंटचा मोबाइल खोलीबाहेर, चार्जर काढलेला, वर-खाली होणारा इलेक्ट्रिक बेड प्लगमधून काढलेला. ट्यूबलाइट बंद करून एकदा ट्रेस, म्हणजे पडद्यावर उमटणारी रेघ, पाहा. फरक पडला तर बंदच ठेवा.

गुणगुण दिसली की नवशिके ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (नेमकी तेवढीच वारंवारता कापणारा) दाबतात. दाबू नका. हा फिल्टर स्वतःच खोट्या लाटा उठवतो आणि त्या बेराच्या लहरींसारख्या दिसू शकतात. गुणगुणीचं मूळ शोधा. बहुतेकदा ते सैल झालेल्या एका इलेक्ट्रोडमध्ये सापडतं.

दुसरी गोष्ट, क्लिकचा वेग. सेकंदाला बरोबर १० क्लिक ठेवू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि १० ने ५० ला पूर्ण भाग जातो. म्हणजे प्रत्येक क्लिकच्या वेळी गुणगुण त्याच जागी सापडते, आणि सरासरी काढताना पुसली जाण्याऐवजी ठसठशीत होते. ११.१ ठेवा.

आणि नॉर्मल आकडे स्वतःच्या लॅबचे हवेत. पुस्तकातले आकडे चालू करायला ठीक. पण आपला इअरफोन, आपले फिल्टर, आपली खोली यांवर निदान वीस-तीस निरोगी माणसं तपासून, स्त्री-पुरुष वेगळे काढून मर्यादा ठरवा. स्त्रियांत बेराची अंतरं थोडी कमी असतात. वेम्पला तर याशिवाय गत्यंतर नाही. पुढे मी दिलेले आकडे वाट दाखवण्यापुरते घ्या.

## टप्पा ४: चाचण्यांचा क्रम ठरवा

माझा क्रम ठरलेला आहे: आधी ब्लिंक, मग बेरा, शेवटी वेम्प.

ब्लिंकचा दुसरा प्रतिसाद झोपाळलेल्या माणसात मंदावतो, म्हणून पेशंट ताजातवाना असताना तो उरकायचा. बेराला उलट झोप चालते, किंबहुना हवीच असते. पेशंट घोरायला लागला की ट्रेस स्वच्छ होतो. वेम्पला मोठा आवाज लागतो आणि मान ताणून धरावी लागते. तो आधी केला तर कान तात्पुरता बधिर होतो आणि बेरा बिघडते. शिवाय एमएसच्या माणसाला थकवा लवकर येतो. मान दुखून वैतागलेला पेशंट पुढे काहीच नीट करू देत नाही.

काही लॅबमध्ये ब्लिंक शेवटी ठेवतात, शॉकने पेशंट आखडतो म्हणून. मुद्दा खोटा नाही. मी मध्ये दहा मिनिटं आणि चहा ठेवतो.

## टप्पा ५: ब्लिंक रिफ्लेक्स

'करंट लागणार का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणू नका. 'भुवईवर टिचकी मारल्यासारखं वाटेल, दर वेळी सांगून देणार नाही, पण वीस-एक टिचक्यांत संपेल' असं सांगा. खोटं बोलून दिलेल्या पहिल्या शॉकनंतर पेशंटचा विश्वास परत मिळत नाही.

सावध: पेसमेकर आहे का ते विचारा. असल्यास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय शॉक नाही. एमएसमध्ये ट्रायजेमिनल न्यूराल्जियाही होतो. चेहऱ्यावर वीज चमकल्यासारखी कळ येते का, कुठे हात लावल्यावर येते, हे विचारून घ्या.

इलेक्ट्रोड दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीखाली, बाहुलीच्या खालोखाल किंचित नाकाकडे. त्यांचे जोडीदार डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ. अर्थिंगचा इलेक्ट्रोड हनुवटीवर. फिल्टर १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ, पडद्यावर १०० मिलिसेकंद. डोळे उघडे किंवा हलके मिटलेले, पण जे ठरेल ते शेवटपर्यंत.

शॉक भुवईच्या हाडात बोटाला लागणाऱ्या खाचेवर. ०.१ ते ०.२ मिलिसेकंदांचा, कमी मिलिअ‍ॅम्पिअरपासून सुरू करून प्रतिसाद दर वेळी सारखा येईपर्यंत वाढवत न्या. दोन शॉकमध्ये निदान दहा सेकंद सोडा, आणि तेही मोजून सारखे नकोत. एका तालात दिलं की मेंदू सरावतो आणि दुसरा प्रतिसाद विरतो. हाताची सवय इथे घात करते. मी शिकाऊ मुलांना घड्याळाकडे न बघता पेशंटशी अधूनमधून गप्पा मारायला सांगतो, अंतर आपोआप अनियमित होतं. एका बाजूला सहा ते आठ ट्रेस एकावर एक ठेवा. सरासरी काढू नका, सर्वांत लवकर आलेला घ्या.

आर-१, म्हणजे पहिला प्रतिसाद, फक्त शॉकच्या बाजूला येतो, साधारण १० ते ११ मिलिसेकंदांना. मर्यादा १३, दोन बाजूंतला फरक १.२ पर्यंत. आर-२, म्हणजे दुसरा, दोन्ही बाजूंना, तिशीच्या आसपास. त्याच बाजूला ४१ आणि पलीकडे ४४ पर्यंत चालतो.

तपासा: शॉक डावीकडे आणि आर-१ उजवीकडेही दिसतोय? तुमचा स्टिम्युलेटर नाकाच्या रेषेजवळ सरकलाय, शॉक पलीकडच्या नसेलाही लागतोय. टोक बाहेर फिरवा आणि पुन्हा घ्या.

आता वाचायचं कसं? समजा डाव्या शॉकला डावा आर-१ १६.२ मिलिसेकंद आला. दोन्ही आर-२ मात्र वेळेवर, आणि उजव्या शॉकला सगळं नॉर्मल. डाव्या चेहऱ्याच्या नसेत बिघाड असता तर शॉक कुठूनही दिला तरी डावा आर-२ उशिरा आला असता. संवेदनेच्या नसेत असता तर डाव्या शॉकला दोन्हीकडचे आर-२ रेंगाळले असते. दोन्ही झालेलं नाही. म्हणजे अडचण पॉन्सच्या आत, आर-१ च्या छोट्या वळणावर. तरी कानाखाली चेहऱ्याच्या नसेला थेट शॉक देऊन तिचा वेग पाहून ठेवा. तीन-चार मिलिसेकंदांत स्नायू उडाला तर बाहेरची नस दोषी नाही. जुना बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा) झालेला माणूस तो सांगायला विसरतो.

## टप्पा ६: बेरा

पेशंट आडवा, मान उशीने सैल, जबडा सैल. दात आवळलेले असतील तर कानशिलाचा स्नायू ट्रेस खाऊन टाकतो. 'ओठ मिटा, दात सोडा' एवढं सांगितलं की निम्मं काम होतं.

इलेक्ट्रोड टाळूवर, दोन्ही कानांच्या पाळीवर किंवा मागच्या हाडावर, आणि अर्थ कपाळावर. त्वचा जेलने हलकी घासा, पेस्ट भरलेला कप बसवा. इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणि सगळीकडे सारखा. एक १ आणि दुसरा ५ असेल तर आकडे मर्यादेत असूनही गुणगुण येते.

लाल इअरफोन उजव्या कानाला, निळा डाव्या. हे वाचून हसाल, पण अदलाबदल झालेली मी स्वतः पकडली आहे, तीही सलग तीन पेशंटनंतर.

क्लिक १०० मायक्रोसेकंदांचा, पेशंटच्या ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा ६० ते ७० डेसिबल वर. दुसऱ्या कानात त्याहून ३० ते ४० डेसिबल कमी मास्किंगचा खरखराट. तो विसरलात तर बहिऱ्या कानाचीही सुंदर बेरा येईल, पलीकडच्या कानाने ऐकलेली. फिल्टर १०० ते ३००० हर्ट्झ, पडद्यावर १० मिलिसेकंद. एमएसमध्ये पाचवी खूप उशिरा येऊ शकते, म्हणून मी १५ ठेवतो. क्लिकची दिशा रेअरफॅक्शन, म्हणजे कानाचा पडदा बाहेर ओढणारी. पहिली लहर त्यात जास्त उठून दिसते.

एका रनमध्ये २००० क्लिक. ११.१ च्या वेगाने तीन मिनिटं लागतात. ट्रेस छान दिसतोय म्हणून ५०० वर थांबवू नका. ५०० चे २००० केले की उरलेला कचरा निम्मा होतो. प्रत्येक कानाचे निदान दोन रन, आणि ते एकावर एक ठेवून बघा.

तपासा: दोन रनमध्ये जी लहर त्याच जागी आली नाही, ती लहर नाही. तिच्यावर मार्कर लावू नका. मशीन स्वतः लावत असेल तर ते काढून हाताने लावा.

लहरी ओळखताना शेवटून सुरुवात करा. पाचवीच्या मागे खोल दरी असते. आवाज कमी करत नेला तर सगळ्यात शेवटी तीच मावळते. चौथी-पाचवी चिकटल्या असतील तर पलीकडच्या कानाच्या चॅनलवर बघा, तिथे त्या सुट्या होतात. पहिली मात्र पलीकडच्या चॅनलवर जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तिची खात्री तिथूनच होते. पहिली सापडत नसेल तर आवाज थोडा वाढवा, वेग कमी करा.

साधारण पहिली १.७, तिसरी ३.९, पाचवी ५.७ मिलिसेकंद. पण या जागांवर निदान करायचं नाही, अंतरांवर करायचं. पहिली ते पाचवी ४.० च्या आसपास आणि साडेचारच्या आत हवी. दोन कानांतला फरक ०.५ च्या आत. आणि उंचीही बघा. पाचवी पहिलीच्या निम्म्याहून बुटकी असेल तर संशय घ्या. एमएसमध्ये पुष्कळदा वेळ नॉर्मल राहते आणि पाचवी नुसती खुजी होते किंवा गायब होते. वेळेच्या रकान्यापुरतं वाचणारा माणूस अशी केस हमखास सोडतो.

उदाहरण घ्या. डावा कान: १.७, ३.९, ६.६. पहिली-तिसरी २.२, ठीक. तिसरी-पाचवी २.७, लांबली. उजवा नॉर्मल, ऑडिओग्राम दोन्हीकडे नॉर्मल. संदेश खालच्या पॉन्सपर्यंत वेळेवर आला आणि तिथून मिडब्रेनकडे जाताना रखडला. बेरातला दोष बहुतेक वेळा क्लिक दिलेल्या कानाच्याच बाजूचा असतो.

## टप्पा ७: वेम्प

सावध: इथला आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या पातळीचा असतो. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा साधा आवाजही सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रन मोजके ठेवा. 'अजून एकदा बघू' म्हणत कानावर मारा करत राहू नका.

आवाज ५०० हर्ट्झचा टोन बर्स्ट (एकाच पट्टीचा छोटा सूर), सेकंदाला ५, एका रनला १०० ते २०० पुरेत.

मानेवरच्या वेम्पला इलेक्ट्रोड स्टर्नोमास्टॉइड या मानेच्या बाजूच्या स्नायूच्या मध्यावर, जोडीदार छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. उजवा कान तपासताना मान डावीकडे वळवून डोकं उशीपासून जरा उचलायला सांगा. प्रतिसाद त्याच बाजूला येतो: १३ मिलिसेकंदांच्या आसपास पी-१३ ही लहर, मग २३ च्या आसपास उलट दिशेची एन-२३. हा प्रतिसाद म्हणजे ताणलेल्या स्नायूचा क्षणभर सुटलेला ताण. स्नायू ताणलाच नसेल तर सुटणार काय? पडद्यावर ईएमजीची (स्नायूतल्या विजेची) पातळी दोन्ही बाजूंना सारखी राहतेय का ते बघत राहा. डावी मान थकली, ताण कमी पडला, डावा वेम्प लहान आला आणि रिपोर्टमध्ये 'डाव्या बाजूला दोष' छापून गेलं, असं नेहमी घडतं. रनमध्ये विश्रांती द्या. मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल तर डोकं उचलायला लावू नका, नुसतं वळवून बघा.

डोळ्याखालच्या वेम्पला इलेक्ट्रोड खालच्या पापणीखाली मधोमध, जोडीदार त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली. पेशंटने नजर वर ठेवायची. छतावर एक टिकली चिकटवून ठेवा आणि तिच्याकडे बघा म्हणा, फुकटात काम होतं. इथे प्रतिसाद पलीकडच्या डोळ्याखाली, १० मिलिसेकंदांच्या आसपास. हा रस्ता डोळे जोडीने फिरवणाऱ्या तंतूंच्या जुडग्यातून जातो, आणि एमएसला तेच जुडगं फार आवडतं. बाजूला बघताना दोन दिसतात म्हणणाऱ्या पेशंटमध्ये ही चाचणी वगळू नका.

उशीर आणि उंची इथे वेगळ्या गोष्टी सांगतात. उंची कमी पण वेळ बरोबर असेल तर आधी कान, स्नायूचा ताण आणि आतल्या कानाचा आजार यांचा विचार करा. वेळच लांबली असेल तर बोट ब्रेनस्टेमकडे जातं.

## टप्पा ८: रिपोर्ट लिहिताना

'एमएस आहे' किंवा 'एमएस नाही' यांपैकी काहीही लिहायचा आपल्याला अधिकार नाही. संदेश कुठे रखडला एवढंच या चाचण्या दाखवतात, कशामुळे ते नाही. तीच बेरा ट्यूमरमध्ये किंवा स्ट्रोकमध्येही येऊ शकते. एमएसचं निदान ठरवणाऱ्या मॅकडोनल्ड निकषांत ब्रेनस्टेमचा भाग एमआरआयवर दिसलेल्या डागाने मोजला जातो, बिघडलेल्या बेराने नाही. मग करायची कशाला? पेशंटला तक्रार आहे आणि एमआरआय गप्प आहे, किंवा डाग आहे पण तो काम बिघडवतोय का हे कळत नाही, अशा वेळी तिचा उपयोग होतो.

उलट चूकही तितकीच होते. तिन्ही नॉर्मल आल्या म्हणून 'ब्रेनस्टेम नॉर्मल' लिहू नका. डाग या रस्त्यांच्या बाजूला बसला असेल तर तिन्ही चाचण्या स्वच्छ येतात. 'तपासलेल्या मार्गांत दोष आढळला नाही' हे वाक्य पुरेसं आहे.

एक नमुना: 'डाव्या कानाच्या बेरामध्ये तिसरी ते पाचवी लहर अंतर २.७ मिलिसेकंद, पाचवीची उंची कमी. पहिली ते तिसरी नॉर्मल. ऑडिओग्राम नॉर्मल. डावीकडे खालचा पॉन्स ते मिडब्रेन या मार्गात संदेशवहन मंद. ब्लिंक नॉर्मल. पेशंटने आदल्या रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम घेतली होती.' शेवटची ओळ गाळू नका. पुढच्या वेळी आर-२ विरलेला दिसला तर तीच कामाला येईल.

पुन्हा चाचणी होईल हे धरून चाला. क्लिकची पातळी, वेग, दिशा, फिल्टर, इअरफोनचा प्रकार आणि नळीचे ०.९ मिलिसेकंद वजा केले की नाही, हे सगळं रिपोर्टच्या तळाशी छापा. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेटिंगवर काढलेली बेरा पहिलीशी जुळवता येत नाही, आणि ०.१-०.२ मिलिसेकंदांचा फरक तर त्याच मशीनवर त्याच माणसातही पडतो. नुसते आकडे ठेवू नका, कच्चे ट्रेससुद्धा जपून ठेवा. सुरुवातीला सांगितलेल्या बाईच्या फाइलमध्ये ट्रेस होते, म्हणून दहा मिनिटांत चूक सापडली. नसते तर तिला पुन्हा केस धुवून यावं लागलं असतं.